पालथा क्रूस

मी एक शिळा बोलतेय. मंगळवार होता. शेजारच्या शेतात म्हातारी सोरका बटाट्याच्या वाफ्यांवर खताला समुद्रातलं शेवाळ पसरत होती. बांधाशी येऊन मुइरननं तिला सांगितलं, की उद्या मला उचलणार. आमच्या बेटावरचं पडकं चर्च खणायला सरकारनं धाडलेली ही बाई.

"मढी उकरायला पगार देतात होय गं तुला?" सोरकानं विचारलं.

"देतात, पण उशिरा," मुइरन हसली. सोरका हसली नाही.

माझा जन्म याच चर्चच्या अंगणातला. तेराशे वर्षांपूर्वी एका मठवाशानं माझ्यावर क्रूस कोरला, खाली एक ओळ: 'कोनगससाठी प्रार्थना करा.' पुढं मठ ओस पडला, छप्पर गेलं, मेंढ्या माझ्यावर अंग घासू लागल्या.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला गावच्या दफनभूमीत जागा नसे, उशाला क्रूसही नसे. अशी बाळं घरची माणसं गुपचूप इथं आणून पुरत. सोरका सहा वर्षांची असताना तिला भाऊ झाला नि तासाभरात गेला. तिच्या बापानं मला ओढत आणलं, इकडंतिकडं पाहिलं आणि पालथी घातली. वरून बघणाऱ्याला मी साधा दगड. क्रूस खाली, लेकराकडं.

अठ्ठ्याहत्तर वर्षं तोंडात माती धरून मी अडकून पडले. उजेडाची आस नव्हती, असं खोटं कशाला सांगू? पण माझ्याखाली जो होता, त्याला दुसरं पांघरूण नव्हतं.

बुधवारी मला उलटवलं. सगळे अक्षरांवर वाकले. सोरका एकटी मोकळ्या झालेल्या मातीकडं बघत होती.

"आजी, यावर नाव आहे," मुइरन म्हणाली.

"असेल. त्याला नव्हतं." सोरका म्हणाली, "नेतेस तर ने. पण त्याला उघडं ठेवू नकोस. एक दगड ठेव. असाच, पालथा."

मुइरननं मान डोलावली. क्रूस कोरलेला नवा दगड घडवून आणते म्हणाली.

आता मी शहरातल्या एका कोठारात आहे, लाकडी खोक्यात, चहूबाजूंनी स्पंज कोंबलेला. तोंड वर आहे, पण खोक्याला झाकण आहे. सोरका हिवाळ्यात गेली, हे इथल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. नवा दगड घडवून झालाय. माझ्या शेजारीच भिंतीला टेकवून ठेवलाय. बेटावर न्यायचा राहिला आहे.