एकशे अठ्ठावीस कुणाचे

"चारशे बारा," माइकवर आकडा घुमला आणि कापसाच्या जुन्या गोदामात प्रार्थनेला जमलेली सहाशे माणसं एकदम हळहळली.

व्यासपीठावर माझी धाकटी बहीण ओव्हेटा उभी होती. तिचं बोट टोचून शुगर मोजली होती बिशप क्रूमच्या बायकोने. ही बाई आयुष्यात कधी नर्स नव्हती, पण नर्सचा पांढरा गणवेश तिला शोभत होता.

"कुणाचं औषध घेतेस, लेकरा?" बिशपने विचारलं.

"क्लिनिकच्या डॉक्टर साइक्सबाईंचं. रोज इन्सुलिनची सुई. आणि भाजीची चिठ्ठी."

"भाजीची? वाच बघू, आम्हालाही ऐकू दे."

ओव्हेटाने पर्समधून चिठ्ठी काढली. "कोलार्डचा पाला दोन जुड्या, चवळी एक पिशवी, चार लहान रताळी, भेंडी. दर आठवड्याला."

"ऐका, मंडळी. परमेश्वराने हिला माणूस म्हणून घडवलं, आणि डॉक्टरबाई हिला शेळी समजून पाला टाकतात. आणि पाला खाऊन झाले किती? चारशे बारा." गोदाम हसण्याने दणाणलं. ओव्हेटाही हसली, पण तिचे डोळे भरले होते.

मग तिच्यापुढे चांदीचं घंगाळ आलं. हे म्हणे येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीचं पाणी. बिशपने ते किती समुद्र ओलांडून आणलं, किती राजांनी त्याच्याकडे मागितलं, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली. ओव्हेटाने त्यात हात बुडवले, चोळले, टॉवेलला पुसले. बिशपच्या बायकोने दुसरं बोट टोचलं.

"एकशे अठ्ठावीस."

पुढे काय झालं ते सांगायला नको. लोक उभे राहिले, रडले, गायले. काठीवर आलेल्या म्हाताऱ्या काठी विसरून नाचल्या.

मी रूथेल. त्याच क्लिनिकची भाजीची गाडी मी चालवते. डॉक्टरबाई चिठ्ठी लिहितात, मी भाजी घरोघर पोचवते, कारण मिसिसिपी नदीच्या काठच्या आमच्या पेकन बेंड गावात तळलेली कोंबडी तीन दुकानांत मिळते आणि ताजी भाजी बावीस मैलांवर. गावात मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. चर्चच्या स्वयंपाकघरापासून शाळेच्या सभेपर्यंत मी सगळीकडे भांडले आहे. पण त्या रविवारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. बिशप खोटं बोलेल, त्याची बायको खोटं बोलेल, पण यंत्र? आमच्या क्लिनिकमध्ये आहे तेच यंत्र होतं ते. आकडा मी स्वतः वाकून पाहिला होता.

घरी जाताना गाडीत ओव्हेटा म्हणाली, "ताई, पाहिलंस ना?"

"पाहिलं. पण सुई सोडू नकोस."

"बिशप म्हणाले, सुई घेणं म्हणजे देवाला तोंडावर सांगणं की तुझा भरवसा नाही. चाळीस दिवस सुई नाही, आणि शुगर मोजायचीही नाही. मोजलं म्हणजे शंका घेतली."

"आणि खायचं काय?"

"हवं ते." थोडं थांबून ती म्हणाली, "ताई, सात महिने झाले गं, मी केक नाही खाल्ला."

ती हे लहान मुलीसारखं म्हणाली. चार दिवसांनी तिचा एकोणपन्नासावा वाढदिवस होता. मी केला तिच्यासाठी कॅरॅमल केक, तीन थरांचा, आमची आई करायची तसा. डॉक्टरबाईंना मी काही बोलले नाही. ओव्हेटाने दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि मला मिठी मारली.

बाराव्या दिवशी भाजी घेऊन तिच्या दारात गेले तर दार उघडंच. ती न्हाणीघरात जमिनीवर पडलेली. श्वास धापा टाकल्यासारखा, आणि त्याला सडक्या फळाचा वास. इस्पितळात शुगर निघाली आठशे चाळीस. दोन दिवस यंत्रांवर काढून ती गेली. बिशपने दफनाला फुलं पाठवली आणि निरोपही: भगिनी ओव्हेटाचा विश्वास थोडा कमी पडला.

माझ्या बहिणीचा विश्वास कमी पडला म्हणे. अरे, विश्वासच तर होता तिच्याकडे, दुसरं होतं काय?

दफनाला पाच दिवस झाले होते. मी गाडीतून पिशव्या उतरवत होते. त्या आठवड्यात चिठ्ठीवर पीच होते. आमचे शेजारी म्हातारे मिस्टर बॅटल यांना धीर कुठला, क्लिनिकच्या बाकावरच एक सोलून खाल्ला आणि शुगर मोजायला आत गेले. लगेच ओरडा ऐकू आला, "तीनशे नव्वद. मेलो मी."

"काही मेला नाहीत," नर्स डोरिंडा म्हणाली. "हात धुतलेत का? जा, साबणाने धुऊन या."

हात धुऊन आले. एकशे अठरा.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. गोदामाच्या दारात बिशपची माणसं प्रत्येकाला काकवीत बुडवलेला पाव देत. तो दोन्ही हातांनी मोडायचा, आणि बजावून सांगत, "आशीर्वाद आहे, पुसू नका." मीही तो खाल्ला होता. माझीही बोटं चिकट झाली होती. आणि इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पाव मोडला, रांगेत उभी राहिले आणि व्यासपीठावर चढले. शोकात बुडालेली बहीण शरण आली म्हटल्यावर बिशपला आनंद झाला.

"चारशे सव्वीस," त्याची बायको म्हणाली. लोक हळहळले.

"मला शुगर नाही," मी माइक ओढून घेतला. "कधीच नव्हती." घंगाळ पुढे येण्याआधी मी पर्समधली बाटली काढली, त्यातल्या पाण्याने हात खसखसून धुतले आणि बोट पुढे केलं. "मोजा. हे माझ्या घरच्या नळाचं पाणी आहे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "मोजा बाई, सगळे बघताहेत," समोरून मिस्टर बॅटल म्हणाले.

चौऱ्याण्णव.

"ही शोकाने वेडी झालीय," बिशप म्हणाला.

"झालेय. पण यंत्र तुमचंच आहे, बिशप." मी लोकांकडे वळले. "पहिला आकडा काकवीचा. बोटाला चिकटलेली काकवी रक्ताच्या थेंबात मिसळते आणि यंत्र ती मोजतं. कुठल्याही पाण्याने हात धुतले की खरा आकडा दिसतो. माझ्या ओव्हेटाचा खरा आकडा एकशे अठ्ठावीस होता. ती व्यासपीठावर चढली तेव्हाही तोच होता. तो यार्देनने नाही आणला, तिने आणला. सात महिने रोज सुई टोचून, चवळी शिजवून, लोकांच्या लग्नात केक नको म्हणून. तीनशेवरून तिथवर आली होती ती. बरी होत होती हो माझी बहीण. आणि ह्या माणसाने तिला सांगितलं की ज्याने तू बरी होतेस तेच सोड."

मी रिकामी बाटली पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या रांगेतून मिस लुट्रिशियाबाईंनी हळूच विचारलं, "रूथेल, मी नऊ दिवस सुई घेतली नाही. आता घेतली तर देव रागावेल का?"

"नाही रागावणार. चला, गाडी बाहेर उभी आहे."

माझ्यासोबत अकरा माणसं उठली. बाकीची बसून राहिली. आम्ही दारापर्यंत पोचलो नाही तोच मागे पुन्हा गाणं सुरू झालं होतं.

मी देव मानते. ओव्हेटाही मानायची, माझ्यापेक्षा जास्तच. देव मानायला कुणाची हरकत नाही. पण कुणी तुमच्यापुढे चमत्कार ठेवला तर तो कशाने झाला ते विचारा. पाण्याने झाला म्हणत असेल तर म्हणा, दुसऱ्या पाण्याने करून दाखव. तुमचं औषध, तुमचं जेवण सोडायला सांगत असेल तर आधी डॉक्टरला विचारा. लोक हसतील, हसू देत. मी त्या पहिल्या रविवारी विचारलं नाही. भरल्या सभेत एक प्रश्न विचारायची मला, गावातल्या सगळ्यात भांडकुदळ बाईला, लाज वाटली. आणि चार दिवसांनी मी तिला केक केला.