सिंकमध्ये ओतलं ते

लॅबमध्ये मला काकू म्हणायचं नाही, हे निमिषला हजारदा बजावलं असेल. "हो काकू," म्हणतो आणि दात काढतो. नागपूरचं पोरगं, लॅबमध्ये माझ्या हाताखालचं, डोकं तल्लख, पण टेबलावर पसारा असा की बघवत नाही. माझं बरोबर उलट. माझ्या धुण्यापुसण्याला तो 'काकूंचं सोवळं' म्हणायचा. म्हणो बापडा.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी डिशमध्ये जगवायच्या, हे आमचं काम. कुणी माणूस जातो, घरचे अवयव दान देतात, तेव्हा कुठे चिमूटभर पेशी हाती लागतात. आणि माझ्याकडे येऊन त्या आठवडाभरात माना टाकायच्या. डिशमधल्या पोषणाच्या पाण्याला आम्ही मीडिया म्हणतो. जुना मीडिया रोज पूर्ण उपसून, डिश धुऊन, मी ताजा घालत होते. आणखी काय करायचं माणसानं?

घरी जेवणाआधी माझी सावनी पोटात इन्सुलिन टोचून घेता घेता विचारायची, "सो, डिड दे डाय?" बारा वर्षांची पोर. मी "हो गं" म्हणायचे आणि पोळी वाढायचे. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

त्या सप्टेंबरात बॉसनं स्पष्टच सांगितलं, "रत्ना, हेही सेल्स गेले तर प्रोजेक्ट बंद." आणि नेमकी इथल्या, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांची जबाबदारी माझ्या गळ्यात. शनिवार-रविवार पेशी निमिषवर सोपवल्या. "सगळा मीडिया बदल, नीट धू, चालढकल नको," असं दहा वेळा सांगून गेले. मोदक वळतानाही जीव लॅबमध्येच होता.

सोमवारी डिश बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. ताजा मीडिया लालचुटुक असतो, हा पिवळट, म्हणजे शिळा.

"निमिष! हे काय करून ठेवलंस?"

"सॉरी काकू. मीडिया संपत आला होता, नवीन बनवायचा कंटाळा आला यार. अर्धाच बदलला. धुतलंबितलं काही नाही."

रागाच्या भरात मी एक डिश तिथंच उपसली, धुतली, ताजा मीडिया घातला. दुसरीला हात लावणार तोच बॉसनं मीटिंगला बोलावलं, आणि बाकीच्या तशाच राहिल्या.

मंगळवारी मायक्रोस्कोपला डोळा लावला. मी धुतलेल्या डिशमधल्या पेशी सुकत चाललेल्या. निमिषच्या आळसातल्या मात्र गुटगुटीत, एकमेकींना बिलगून मजेत! मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग शेजारच्या डिशमधला थोडा जुना मीडिया काढून माझ्या डिशमध्ये घातला. दोन दिवसांत त्याही सावरल्या.

अगं बाई! जगायला-वाढायला लागणारी द्रव्यं, ते ग्रोथ फॅक्टर्स, त्या पेशी स्वतःच बनवत होत्या आणि त्याच पाण्यात सोडत होत्या. बाहेरून काय घालू म्हणजे जगतील, हे मी सहा वर्षं शोधत होते, आणि त्यांनी केलेलं रोज सिंकमध्ये ओतत होते. विरजणाला चमचाभर दही राखल्याशिवाय भांडं न घासणारी मी! कपाळाला हात लावला.

"काकू, रिसर्च पेपरवर माझं नाव?" निमिष म्हणाला.

"पहिलं," मी म्हटलं. त्याचं दात काढणं तिथंच थांबलं.

पंधरवड्यानंतरही पेशी जिवंत होत्या. प्रोजेक्ट वाचला. त्या संध्याकाळी सावनी इंजेक्शन हातात घेऊन बसली. "डिड दे डाय?"

"नाही. जगल्या."

तिनं झटकन वर बघितलं. "मग हे कधी बंद होणार?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतका आनंद झाला होता की जीभ वळलीच होती. "अजून खूप वर्षं लागतील, सोन्या. कदाचित खूपच."

मग तिनं शर्ट वर केला, नेहमीसारखी सुई टोचली, आणि मलाच थोपटत म्हणाली, "इट्स ओके, आई. आय कॅन वेट."

पोळी वाढताना मला ताट दिसेना.