बिनदोऱ्याची सुई

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची पायमशीन आहे. माझ्या लाकडी फळीवर रंगाचे डाग आहेत. ते छबीच्या बाबांच्या हातचे. ते घरं रंगवतात. छबीच्या आईला आजारपणात नीट दिसेनासं झालं, तेव्हा कामावरून आले की हात पुरते धुवायच्या आधीच ते माझ्या सुईत दोरा ओवून द्यायचे. कापडाला रंग लागला तर गिऱ्हाइकाला तुम्हीच तोंड द्या, असं ती त्यांना दटावायची.

ती गेली. मी कोपऱ्यात धूळ खात पडले. मग छबीने एक दिवस मला पुसलं, तेल दिलं आणि ती आईसारखीच शिवू लागली.

एकदा मावशी आली. आईची सख्खी बहीण. मावशीच्या लग्नाचे कपडे आईने माझ्यावरच शिवलेले. तिने छबीचं तोंडभरून कौतुक केलं. आपला शहरात शिवणवर्ग आहे, पोरीला पाठवा, म्हणाली. बाबा का-कू करू लागले.

"मशीनही द्या सोबत," मावशी म्हणाली. "ताईची मशीन आणि ताईची बहीण, दोघी असताना पोरीला काय होणार आहे?"

माझ्या भरवशावर बाबांनी होकार दिला.

तिथे मला पुढच्या खोलीत ठेवलं, रस्त्यावरून दिसेल अशी. शिवणवर्ग म्हणजे तेवढाच. मागच्या खोलीत छबी आणि आणखी दोन मुली होत्या. त्या दाराला कडी बाहेरून होती. त्यांना कुठे नेत, काय करायला लावत, ते मी तुम्हाला सांगणार नाही. नाही म्हटलं की मार होता. कुणी चौकशीला आलं की छबीला माझ्यापुढे बसवायचे. मावशीला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं.

एका सकाळी बाबा न कळवता आले. छबीला घाईने आणून बसवलं. तिने मान खाली घातली, सुईतला दोरा हळूच ओढून काढला आणि पाय चालवू लागली. कापड सरकत होतं, टाका एकही पडत नव्हता.

मावशी चहा देत, पोरगी किती रमलीय ते सांगत होती. बाबांचं लक्ष जाईल का? मी जमेल तेवढी खडखडले.

जुन्या सवयीने त्यांची नजर सुईकडे गेली. कप ठेवून ते वाकले, दोरा हातात घेतला.

"बाबा, दार बाहेरून लावतात," छबी पुटपुटली.

बाबांनी दोरा न ओवताच फळीवर ठेवला. ते उठून मावशीला म्हणाले, "मशीन बिघडलीय. घरी नेतो. मला एकट्याला झेपायची नाही. छबे, एक बाजू धर."

"पोरगी कशाला? माझा माणूस देते की."

"तिच्या आईची आहे. तीच धरेल."

तोवर दोघांनी मला दारापर्यंत ओढलंच होतं. रस्त्यावरची माणसं बघू लागली. मावशी हसली आणि बाजूला झाली. आम्ही तिघं बाहेर पडलो, ते थेट पोलीस चौकीत. पोलीस पोचले तेव्हा घराला कुलूप होतं. त्या दोन मुलींना कुठे नेलं, ते आजवर कळलेलं नाही.

छबी आता दाराकडे तोंड करून शिवते. तिची नजर चांगली आहे, तरी दोरा बाबाच ओवतात. मावशीचं नाव घरात कुणी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीची कुणी शिकायला किंवा कामासाठी लांब गेली असेल, तर तिच्या घरच्यांना सांगा: नुसती खडखड ऐकून परत फिरू नका. जवळ जा, वाका, सुईत दोरा आहे का ते बघा. छबीला माझी एक बाजू तरी धरता आली. त्या दोघींना धरायला काहीच नव्हतं.