वाळूवर टेकताना

मी विभावरीची शिडाची होडी बोलतेय. जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या एका शेडमध्ये तीस वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. माझ्या पोटाखाली दोन पाय आहेत. त्यामुळे ओहोटीत पाणी आटलं तरी मी लवंडत नाही, वाळूवर सरळ उभी राहते.

पहिले मालक यान्सन नावाचे गृहस्थ. त्यांचे गुडघे थकले आणि येणं थांबलं. चार वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होते. मग हॅम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी विभावरी आली. दर शनिवारी घासून-पुसून तिनंच मला पुन्हा पाणी दाखवलं. तिचे उपकार मोठेच. पण त्याहून मोठे तिच्या सासूबाईंचे.

यमुनाबाई पुण्याच्या. पोहता येत नाही, वर सुनेचं हे होडीचं खूळही पसंत नाही. तरी गेल्या ऑगस्टमध्ये त्या आल्या. का, तर "एकटी कशी जाशील?"

उत्तर समुद्रात एका बेटामागे विभावरीनं नांगर टाकला. ओहोटी लागली होती. तासाभरात मी वाळूवर टेकणार होते. तिनं सासूबाईंच्या हातात लांब काठी दिली.

"आई, चारी बाजूंनी तळ चाचपून बघा. मऊ लागलं की वाळू."

यमुनाबाई रेलिंग घट्ट धरून फिरल्या. डाव्या अंगाला थांबल्या.

"विभा, इथं टणक लागतंय."

"शिंपले असतील. नकाशात इथं काही नाहीये, आई."

"नकाशात नसेल. काठीला लागतंय ना!"

पाणी भराभर उतरत होतं. विभावरीनं मोबाइलवरच्या नकाशाकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे. आणि नांगर वर घेऊन इंजिन सुरू केलं. तेवढ्यात माझा एक पाय वाळूत रुतला. मी घाबरले. इंजिन गुरगुरलं, यमुनाबाईंनी डोळे मिटले. तिसऱ्या झटक्याला मी सुटले. तीस-चाळीस मीटरवर पुन्हा नांगर पडला, पुन्हा काठी फिरली. मग मी अलगद टेकले.

पाणी गेलं तेव्हा मघाच्या जागी गंजलेला लोखंडी खांब उभा दिसला. वर अणकुचीदार. माझ्या फायबरच्या पोटातून सहज आत शिरला असता, आणि भरतीचं पाणी त्याच्या मागोमाग.



"आई, मी ऐकणारच नव्हते," विभावरी म्हणाली.

"पण ऐकलंस ना? चल, शिडी लाव. हिचं पोट किती मळलंय बघ."

आणि त्या खरंच खाली उतरल्या, चिखलात घोट्यापर्यंत. ब्रश घेऊन माझं शेवाळ खरवडत राहिल्या. दुपारी भरती आली. दोघी वर चहा घेत बसल्या होत्या.

"आई, तरंगलो आपण."

"कळलं गं. चहा सांडला माझा."

आता यमुनाबाई पुण्याला परतल्यात. मी धडधाकट आहे, बंदरात डोलतेय. होडी टेकवणाऱ्यांनो, एवढंच मागणं: घाई करू नका. आणि भ्यालेल्या माणसाचं म्हणणं एकदा तरी ऐकून घ्या.