टाचेखालच्या चकत्या

"ऐकू नाही आलं. पुन्हा," बाई म्हणाल्या.

सिस्टरनं पुन्हा पाय उचलला आणि खाली आणला. खाली लाकडी जमीन, पायात टाचेला नि चवड्याला खिळे ठोकलेले कोरे करकरीत बूट, आणि आवाज किती? मांजर कपाटावरून उतरलं तर होईल तेवढा. शेजारी बेकरीवाली उभी होती. तिनं नुसतं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं तरी भिंतीवरचे आरसे थरथरायचे. सिस्टरला तिचा मनापासून राग आला. मग स्वतःचा आला. बाईंचा तर पहिल्या दिवसापासून येतच होता.

फ्लामेंकोच्या, म्हणजे टाचा आपटून करायच्या स्पॅनिश नाचाच्या, क्लासचा हा तिसरा बुधवार. नवशिक्यांची तुकडी, म्हणजे सात बायका आणि एक निवृत्त पोस्टमन. बाई पासष्टीच्या, एक गुडघा कामातून गेलेला, हातात काठी. काठीनं ताल द्यायच्या आणि तोंडानं एकेकाची सालटी काढायच्या. गुडघे सैल, पाठ ताठ, हनुवटी वर. पाय उचला आणि सोडून द्या. सोडून द्या म्हटलंय, ठेवा नाही म्हटलं. तीन आठवडे एवढंच चाललं होतं आणि एवढ्यावरच सिस्टरचं घोडं अडलं होतं.

"करतेस काय तू?" बाईंनी विचारलं.

"नर्स आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात."

"किती वर्षं?"

"बावीस."

"मग बरोबर आहे." बाईंनी काठीचं टोक तिच्या पावलाशी टेकवलं. "हा पाय जमिनीला भितो."

पोस्टमन खुदकन हसला. त्याला हसायला काय जातं, त्याचे पाय आयुष्यभर पायऱ्यांवर दणदणत गेलेले. सिस्टरनं ओठ घट्ट मिटले. ओठ मिटण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

तिच्या वॉर्डातली बाळं ओंजळीत मावतील एवढी. काचपेटीच्या झाकणावर कुणी पेन ठेवलं तरी आतल्या जिवाला तो ढोल वाटतो. म्हणून तिथं खण लावताना मध्ये बोट धरायचं, बुटांचे तळवे रबरी, आणि पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवून मग हळूच आत वळवायचं. नव्या आलेल्या मुलींना ही चाल सिस्टरच शिकवायची. त्या चालीचा तिला अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता, कारण तिथली शांतता बाळांसाठी होती. घरची शांतता कुणासाठी होती ते आता ऐका.

सिस्टरचे यजमान घरी बसून मनःशांतीचे पाठ रेकॉर्ड करायचे. श्वास आत घ्या, श्वास सोडा, खांदे सैल, कपाळ सैल. हजारो लोक म्हणे त्यांच्या आवाजावर झोपी जात. त्यासाठी घर कसं तयार केलेलं! खुर्च्यांच्या पायांना मऊ चकत्या, कपाटांच्या दारांना रबर, दारावरची घंटा काढून तिथं दिवा बसवलेला. कोणी आलं की दिवा लागे, आणि तो दिसला नाही तर पाहुणा आल्या पावली परत. मिक्सर सकाळी सात ते सव्वासात. शिंक आली तर टॉवेलात. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि नातेवाइकांत त्याचं केवढं कौतुक! देवमाणूस म्हणे. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण काय लोकांनी उगाच काढली? आवाज न चढवता माणसाला दाबता येतं. उलट जास्तच चांगलं दाबता येतं, कारण तक्रार तरी कशाची करणार?

क्लास तिला सापडला तो बसथांब्यावर. वरच्या मजल्याच्या उघड्या खिडक्यांतून धाडधाड आवाज येत होता, टाळ्या, काठी, मध्येच कुणाची तरी आरोळी. थांब्यावरची माणसं वैतागली होती. सिस्टरनं तीन बसगाड्या सोडल्या. एवढी माणसं एवढा दंगा करतायत आणि त्यांना कुणीच "शू" म्हणत नाही, हेच तिला कितीतरी वेळ खरं वाटेना. चौथी बसही तिनं सोडली आणि ती जिना चढली.

आणि आता तिसऱ्या बुधवारच्या शेवटी बाई म्हणत होत्या, "पुढच्या खेपेला मी एकेकाला एकटं उभं करणार. चार मात्रा, एवढंच. वाजल्या तर पुढे शिकवीन. नाही वाजल्या तर येऊ नकोस. पाय चुकला तर सुधारता येतो. मुका पाय मला सुधारता येत नाही."

सिस्टरला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिला काही नर्तकी व्हायचं नव्हतं. पण या एका ठिकाणाहूनही "तुला जमणार नाही" ऐकून परत यायचं म्हणजे मग उरलेलं आयुष्य टॉवेलात शिंकायचं. ते तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्पितळाच्या सुताराकडून मोडक्या कपाटाचं एक दार मागून आणलं आणि मागच्या गॅलरीत आडवं टाकलं. बूट चढवले. पहिली टाच पडते न पडते तोच आतलं दार उघडलं.

"अगं, मी तुला कधी कशाला नाही म्हटलंय का?" यजमान हसून म्हणाले. "कर की. फक्त रेकॉर्डिंगच्या वेळी नको."

"रेकॉर्डिंगची वेळ कधी नसते?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "दुपारी दोन ते सव्वादोन."

"दुपारी दोनला मी ड्यूटीवर असते."

"मग बघू हं आपण काहीतरी. शांतपणे मार्ग काढू."

मार्ग ते काढणार म्हणजे काय काढणार, हे तिला तेव्हा कळायला हवं होतं. ती वॉर्डातून घरी, घरातून वॉर्डात करत राहिली, आणि बसथांब्यावर, लिफ्टमध्ये, धुलाईच्या खोलीत, जिथं कुणी नसेल तिथं रबरी तळव्यांचा पाय आपटत राहिली. आवाज येत नव्हता, पण पाय सोडायचा कसा ते हळूहळू गुडघ्याला उमगत होतं. पाय ठेवणं आणि पाय सोडणं यात एक क्षण असतो, त्या क्षणी सावरायचं नाही. बावीस वर्षं ती नेमकी तिथंच सावरत आली होती.

चौथ्या बुधवारी ती ड्यूटीवरून घरी आली, दाराशी ठेवलेली बुटांची पिशवी उचलली आणि तशीच क्लासला गेली. उशीर झाला होता. घाईघाईत बूट चढवून उभी राहते तोच बाईंनी काठी तिच्याकडे वळवली. "ये. तूच आधी."

ती मधोमध गेली. हनुवटी वर. गुडघा उचलला आणि या वेळी खरंच सोडून दिला. सावरला नाही.

काहीच आवाज आला नाही.

पुन्हा. दुसरा पाय. पुन्हा पहिला. जमिनीचा धक्का गुडघ्यापर्यंत लागत होता आणि आवाजाच्या नावानं शून्य. उशीवर बुक्की मारावी तसं. बेकरीवालीनं तोंडावर हात घेतला. पोस्टमनसुद्धा हसला नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"गेल्या वेळी निदान खरखरलं होतं," बाई म्हणाल्या. "बस. पुढची कोण?"

सिस्टर भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. संपलं. आपल्या पायांतच काहीतरी मेलंय, असं तिला वाटलं. आता बूट काढायचे, पिशवीत भरायचे आणि कुणाला तरी देऊन टाकायचे. तिनं डावा बूट काढला आणि तो हातात उलटा झाला.

टाचेवर हिरवी चकती. चवड्यावर हिरवी चकती. खुर्च्यांच्या पायांना असतात त्याच, टाचेच्या आकाराबरहुकूम कात्रीनं कापलेल्या, कडा दाबून दाबून बसवलेल्या, एक खिळासुद्धा उघडा न ठेवता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नखांनी एक चकती ओढली. सरसात खिळे बुडाले होते. बेकरीवाली धावली आणि पिशवीतून पाव कापायची सुरी काढून पुढे केली. "कोणी केलं हे?"

"घरच्यांनी," सिस्टर म्हणाली.

सिस्टरनं उजवा बूटही काढला. ती सुरीनं चकत्या खरवडत होती आणि तिसरीपाशी तिचा हात थांबला. तिला एक चिमटा आठवला. इस्पितळातलाच, बारीक टोकाचा. तिची मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा कुणीतरी तिला पीं पीं वाजणारे बूट दिले होते. पाऊल टाकलं की बूट वाजे, बूट वाजला की पोर खिदळे. तेव्हा यजमानांचे पाठ नुकतेच सुरू झाले होते. ते काही म्हणाले नव्हते, नुसते दारात येऊन उभे राहिले होते. आणि त्या दुपारी, पोर झोपलेली असताना, सिस्टरनं बुटांच्या तळाला भोक पाडून त्या चिमट्यानं आतल्या दोन्ही पिपाण्या उपसून काढल्या होत्या. किती सफाईनं काढल्या होत्या. बाहेरून काही कळतसुद्धा नव्हतं.

म्हणजे हे काम या घरात आधी तिनंच केलं होतं.

उरलेल्या दोन चकत्या तिनं दातानं ओढून काढल्या. बूट चढवले आणि कुणी बोलावण्याची वाट न बघता मधोमध गेली. धाड, धाड, धाड, धाड, धाड. आरसे हलले. पोस्टमन मागे सरला.

"थांब!" बाई ओरडल्या. "ही आदळआपट झाली. अशी भांडी घासतानाही करतात. राग आलाय?"

"हो!"

"येऊ दे. पण मोजून घाल. चारात बसव. एक, दोन, तीन, चार."

काठी पडली. सिस्टरनं पाय सोडला. एक. सगळी चीड एका टाचेत ओतायचा मोह आवरून तिनं दुसरी मोजली, तिसरी मोजली, चौथी घातली, आणि चारही खणखणीत, स्वच्छ, एकाच उंचीच्या पडल्या. आवाज तिचाच होता. तिला रडू आलं, पण तेही तिनं पुढच्या चारात घातलं.

"पुढच्या बुधवारी वेळेवर ये," बाई म्हणाल्या.

घरी यजमान वाटच बघत होते. चेहरा कसा उजळलेला. "मग? कशा वाटल्या?" ते कुजबुजले. "दोन तास बसलो होतो कापत. आता घरात हवा तेवढा सराव कर, मला काही त्रास नाही."

"ते नाचाचे बूट आहेत. वाजण्यासाठीच असतात ते!"

"शू. आपण शांतपणे बोलू."

"सव्वीस वर्षं शांतपणेच चाललंय. तुम्ही शांतपणे सांगता आणि मी शांतपणे करते. मुलीच्या बुटांतल्या पिपाण्यासुद्धा मीच काढल्या, तुम्ही फक्त दारात उभे राहिलात!"

"तू दमली आहेस," ते प्रेमानं म्हणाले, आत गेले आणि रबर लावलेलं दार लावून घेतलं. त्या दारावरचा, रेकॉर्डिंग चालू असल्याचा, लाल दिवा लागला.

सिस्टर तिथंच, त्या दाराबाहेर, बूट न काढता उभी राहिली आणि तिनं मुलीला फोन लावला, स्पीकरवर. मुलगी दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची. मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही म्हणून मुख्याध्यापकांनी तिला दोनदा टोकलं होतं.

"आई? काय झालं? एवढ्या मोठ्यानं का बोलतेयस?"

सिस्टरनं सगळं सांगितलं. चकत्या सांगितल्या आणि मग पिपाण्याही सांगितल्या.

"म्हणजे ते तू काढलं होतंस?" मुलगी पुटपुटली. "मला आठवतं ते. मी किती उड्या मारल्या होत्या, आई. मला वाटलं, माझ्याकडूनच बिघडले. नंतर कधी कुणाकडे वाजणारं काही मागितलंच नाही मी."

तेवढ्यात दार उघडलं. यजमान बाहेर आले, ओठांवर बोट ठेवून. "जरा हळू बोला ना दोघी. रेकॉर्डिंग चालू आहे."

"नाही!"

तो आवाज फोनमधून आला. स्पीकर फाटला असता असा.

"नाही बोलणार हळू! बाबा, ऐकू येतंय ना? नाही!"

यजमानांचं बोट ओठांवरच राहिलं. सिस्टरनं फोनचा आवाज पार टोकापर्यंत वाढवला आणि म्हणाली, "बोल बाळा. अजून बोल."