मंगळवारची पायडले

मित्रांनो, मी एक जुने पायडल आहे. डोंगरात चालवायच्या सायकलचे, डाव्या बाजूचे. रुंद, सपाट आणि अंगावर दहा टोकदार पिना असलेले. बूट घट्ट धरून ठेवणे हे त्या पिनांचे काम. चुकून नडगीला लागल्या तर रक्त काढतात, हे आधीच कबूल करतो. माझा उजवा जोडीदार क्रँकच्या, म्हणजे पायडलांच्या दांडीच्या, पलीकडच्या टोकाला असतो. तो वर असला की मी खाली, त्यामुळे एवढ्या वर्षांत आमची धड गाठभेट नाही.

कारखान्यात अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून आम्हाला कापले, घासले, काळा रंग दिला. माझे आटे मात्र उलटे पाडले. डाव्या पायडलाचे तसेच असतात, नाहीतर चालता चालता ते सुटून यायचे. तिथून आम्ही वेल्समधल्या, पाटीच्या दगडाच्या खाणी असलेल्या एका गावात आलो आणि नेरिसच्या दुकानात भिंतीवर लटकलो.

एका दुपारी इद्वल सर दुकानात आले. गावच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. नेरिस त्यांचीच विद्यार्थिनी. आदल्या हिवाळ्यात सरांच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती.

"सपाट पायडलं दाखव बरं. नातवासाठी हवीत," सर म्हणाले.

"पायाचं माप काय, सर?"

"दहा नंबर."

"आणि वय?"

"अकरा."

नेरिसने हसू गिळले. "चांगलाच दणकट आहे की! मग ही प्लास्टिकची नकोत. ही रुंद न्या, पिनांची. त्याला सांगा, टाच खाली दाबून ठेव, पाय जागचा हलणार नाही. आणि भीती वाटली की पाय उचलायचा, जमिनीवर टेकायचा. अडकून पडायची भानगडच नाही."

"सांगतो त्याला," सर म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

सर खोटे का बोलले ते मला लवकरच कळले. दर रविवारी ते आपल्या सायकल मंडळाबरोबर डोंगरात जायचे. त्या मंडळातले सगळे बुटाच्या तळाला अडकणारी पायडले वापरायचे. त्यांतून पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवावी लागते, आणि सरांची डावी टाच आता वळत नव्हती. वाटेत मेंढ्यांच्या कुरणांची फाटके लागतात. शेवटच्याने उतरायचे आणि फाटक लावायचे, हा तिथला नियम. सव्वीस वर्षे शेवटचे फाटक सरच लावत आले होते. तो मान त्यांना सोडायचा नव्हता, आणि मित्रांत हसेही करून घ्यायचे नव्हते.

म्हणून आम्ही झालो मंगळवारची पायडले. मंगळवारी सर एकटेच निघायचे. चढावर धापा टाकायचे, फाटकापाशी आरामात पाय टेकायचे, फाटक लावायचे आणि पुढे जायचे. एकदा दगडगोट्यांचा एक उतार ते सबंध उतरले, पाय एकदाही न टेकता. खाली थांबून मोठ्याने हसले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. मग त्यांनी हातमोज्याने माझ्यावरचा चिखल पुसला आणि "शाबास" म्हणाले. तेवढीच शाबासकी माझ्या वाट्याला आली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

शनिवारी मात्र शेडमध्ये पाना निघायचा. आम्ही सुटायचो, बिस्किटांच्या डब्यात जायचो, आणि आमच्या जागी ती अडकणारी यायची. डब्यात आम्ही दोघे शेजारी असायचो, पण अंधारात. रविवार फार लांब वाटायचा.

एका शनिवारी सरांनी पाना हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरला. मग तो खुंटीला परत अडकवला. आम्हाला उद्या नेणार होते! मला इतका आनंद झाला, काय सांगू. तेवढ्यात ग्विलिम आला. मंडळातला त्यांचा सगळ्यात जुना दोस्त, शेडच्या दारातच उभा राहिला.

सरांनी चटकन सायकलवर पोते टाकले.

"अरे इद्वल, एक गंमत ऐक. उद्यासाठी एक नवा गडी आलाय. सपाट पायडलं लावून! मी म्हटलं, बाबा रे, टपाल वाटायला निघालास का?"

सर हसले. ग्विलिमपेक्षा मोठ्याने हसले. तो गेल्यावर त्यांनी पोते काढले, पाना घेतला आणि आम्हाला सोडवले.

पुढचे मी डब्यातून ऐकले. सोमवारी ग्विलिम सरांची सायकल परत घेऊन आला. सरांची बायको एलुनेड त्याच्याबरोबर होती; सर इस्पितळात होते.

"शेवटच्या फाटकापाशी थांबला गं तो. सायकलवरच नुसता उभा होता. पाय सुटेना. बघता बघता आडवा झाला, खडकावरच," ग्विलिम म्हणाला. सायकल ठेवायला त्याने डबा सरकवला, आम्ही खडखडलो, आणि त्याने झाकण उघडले. "हे काय?"

"त्याची मंगळवारची पायडलं. त्याला वाटायचं मला ठाऊक नाही. नडग्यांना औषध मीच लावत होते."

"एका शब्दानं बोलला नाही."

"कुणाशी बोलणार? तुझ्याशी?"

ग्विलिम रंगाच्या डब्यावर बसला. "मी गंमत करत होतो गं."

"माहीत आहे. तोही हसायचाच की."

मग ग्विलिमने आम्हाला सायकलवर चढवले. माझे उलटे आटे त्याला चांगले ठाऊक होते, तरी पहिल्यांदा पाना चुकीच्या बाजूलाच फिरवला.

मे महिन्यात सर काठी टेकत शेडमध्ये आले. पडताना तोच खुबा मोडला होता. आम्हाला जागेवर बघून ते थबकले. भिंतीला हात टेकून त्यांनी डावा पाय उचलला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदाही नाही. मग वाकून त्यांनी मला हाताने एक फेरा दिला आणि ते निघून गेले. त्याला दोन हिवाळे झाले. माझ्या पिना गंजल्या आहेत, आणि मला करमत नाही.

मित्रांनो, पायडल निवडताना आपल्या पायाला विचारा, दुसऱ्याच्या हसण्याला नको. आणि सोबतचा कुणी मागे पडू लागला, तर थट्टा करण्याआधी जरा मागे वळून त्याची चौकशी करा. "ग्विलिम, माझा पाय आता वळत नाही रे." हे वाक्य सर मंगळवारी चढावर मोठ्याने म्हणून बघायचे. कधी रागाने, कधी हसत, कधी अगदी हळू. ऐकायला मेंढ्या होत्या आणि मी होतो. ग्विलिम मात्र कधीच नव्हता.