राखेची रेघ

१९६३च्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की गल्लीतल्या सायकली नुसत्या हँडलांवरून ओळखाव्या लागत. रविवारी सगळी वस्ती पोराबाळांसकट टेकडीवर लोटायची. कुणी गोळे फेकायचं, कुणी बर्फाचा माणूस करून त्याच्या डोक्यावर फुटकं पातेलं पालथं घालायचं. पण खरी मजा घसरगाडीची. वर बसायचं आणि डोळे मिटून खाली.

दोन मुलींच्या आईचं लक्ष मात्र उताराच्या खालच्या टोकाला असायचं. टेकडीच्या पायथ्याशी गोठलेलं तळं होतं आणि तळ्याकाठच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. तिथलं कढत पाणी मोरीतून तळ्यात जाई, म्हणून त्या अंगाचा बर्फ वरून दगडासारखा दिसला तरी खालून पोखरलेला असे. त्यासाठी ती दर रविवारी भट्टीतली बादलीभर राख आणून तळ्याच्या अलीकडे जाड आडवी रेघ ओढायची. राख लागली की गाडी खरखरून थांबायची.

नणंद तिला भित्री भागूबाई म्हणायची. वहिनीला गादीवरसुद्धा बुडायची धास्ती, असं चारचौघांत सांगून हसवायची. आई हसण्यावारी न्यायची. राख मात्र टाकायचीच.

तिचा नवरा सुतार होता. त्या वर्षी त्याने मुलींसाठी नवी गाडी केली आणि कपाटाच्या अडणाऱ्या खणांना घासतात तशी तिच्या खालच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासली. बोट ठेवलं तर निसटावं, अशा गुळगुळीत झाल्या. त्या रविवारी आई राख टाकून वर आली, तेव्हा तो उतार बघून येतो म्हणून खाली जाऊन आला.

थोरली पुढे बसली. धाकटी मागून तिच्या कमरेला बिलगली. सदा थोरलीच्या मागे, म्हणून तिला घरात शेपूटच म्हणत. गाडी सुटली. शेपटाचं खिदळणं उतारावरून खाली खाली जात राहिलं.

आईची नजर नेहमीप्रमाणे रेघेवर गेली. तिथे नुसतं पांढरं होतं.

"राख कुठंय?"

"तिच्यावर जरा बर्फ ओढला," नवरा म्हणाला. "नव्या पट्ट्यांना चरे पडले असते गं."

गाडी रेघेवरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली, तळ्यावर चढली आणि मोरीच्या तोंडासमोर गोल फिरून थांबली.

आई बसल्या जागेवरून उतारावर घसरली. काठाशी आली तेव्हा बर्फ कुरकुरत होता. थोरली उठायच्या बेतात होती.

"उठू नकोस." आईचा आवाज चढला नाही. "चादर अंथरतो तशी पालथी पड. आता लोळत लोळत माझ्याकडे ये."

थोरली ओठ चावत लोळत काठाला लागली. शेपूट गाडीवरच बसून होती. तिला वाटलं, हा नवा खेळ. "मी नाही उतरणार, मला परत वर ओढा," ती म्हणाली.

तिच्या बुडाखाली पाणी काळं दिसू लागलं होतं. आई पोटावर आडवी झाली. मागून धापा टाकत आलेल्या नणंदेने तिचे घोटे धरले. पकड सुटू दिली नाही. आई वीतवीत पुढे सरकली. छातीखाली गार ओल लागली. तिने शेपटाच्या कोटाची कॉलर पकडून ओढली, आणि पोर हाताशी आली तोच गाडी तिरकी होऊन गुडुप झाली. पाण्यावर एक बुडबुडाही उरला नाही.

नवरा उतारावर मध्येच उभा होता.

थोरली पुढे जिथे पाणी कधी गोठत नाही अशा गावी नांदायला गेली. शेपूट आता नातवंडांची आजी आहे आणि आयुष्यातली सगळ्यात भारी घसरगुंडी तीच, असं अजून सांगते. भीती तिच्या वाट्याला आलीच नाही. नणंदेने पुन्हा वहिनीची थट्टा केली नाही. आई म्हातारपणी, उन्हाळ्यात, झोपेतच गेली. ती असेपर्यंत दर हिवाळ्यात राखेची बादली नवरा उचलायचा. रेघ तीच ओढायची.

त्याने परत कशालाही मेण लावलं नाही. त्याच्या कपाटांचे खण अडतात, अशी गिऱ्हाइकं कुरकुर करायची.

"अडू देत," तो म्हणायचा.